पाचशे चौतीस पट: राग नेमका कशाचा?

जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांची कर्मचाऱ्यांशी बोलतानाची एक चित्रफीत बाहेर आली. तुम्हाला रविवारी कामाला लावता येत नाही याची खंत वाटते, घरी बसून करता तरी काय, बायकोकडे किती वेळ बघत बसणार, आठवड्याला ९० तास काम करायला हवं, असा त्या बोलण्याचा आशय होता. देशभर संताप उसळला. असामान्य यशासाठी असामान्य कष्ट लागतात एवढंच त्यांना म्हणायचं होतं, असा खुलासा कंपनीने केला.

पाठोपाठ कंपनीच्या वार्षिक अहवालातला एक आकडा फोनाफोनांवर फिरू लागला. २०२३-२४ या वर्षात अध्यक्षांना मिळालेले ५१ कोटी ५ लाख रुपये हे कंपनीतल्या मध्यक वेतनाच्या ५३४.५७ पट होते. मग दोन्ही बाजूंनी वाद पेटला आणि दोन्ही बाजूंनी बऱ्याच चुकीच्या गोष्टी बोलल्या गेल्या. त्यातल्या काही इथे तपासून पाहू.

गैरसमज: हा राग म्हणजे श्रीमंतांबद्दलची पोटदुखी आहे.

ही चित्रफीत येण्याच्या जेमतेम तीन महिने आधी, ९ ऑक्टोबर २०२४ रोजी रतन टाटा गेले. दुसऱ्या दिवशी नरिमन पॉइंटला एनसीपीएच्या हिरवळीवर त्यांचं पार्थिव अंत्यदर्शनासाठी ठेवलं होतं, तेव्हा तिथे हजारो माणसं रांगेत उभी राहिली. त्यात हमाल होते, टॅक्सीवाले होते, टाटांच्या एकाही कंपनीशी कधी संबंध न आलेले लोक होते. ज्याच्या हाताखाली देशातला सगळ्यात मोठा उद्योगसमूह होता, त्या माणसासाठी लोक रडले. श्रीमंती किंवा अधिकार एवढ्यानेच ज्यांचं पोट दुखतं, ते असे रांगेत उभे राहत नाहीत.

या संतापात उद्योजकही सामील होते, हेही विसरलं जातं. आनंद महिंद्रा यांनी तासांपेक्षा कामाची प्रत महत्त्वाची, असं सांगितलं. पुण्याच्या राजीव बजाज यांनी तर ९० तासांची सुरुवात वरून होऊ द्या, असं सुनावलं. मत्सर हे कारण असतं तर त्यांना बोलायची गरज नव्हती.

परदेशातलं एकच उदाहरण देतो, पण ते फार बोलकं आहे. मार्च २०१३ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये कंपनीच्या वरिष्ठांच्या मोबदल्यावर भागधारकांचा अंकुश असावा, यासाठी सार्वमत झालं. ६७.९ टक्के लोकांनी होकार दिला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, कंपनीतला सर्वोच्च पगार सर्वांत कमी पगाराच्या १२ पटींहून जास्त नसावा, या प्रस्तावावर मतदान झालं, तेव्हा त्याच मतदारांपैकी ६५.३ टक्क्यांनी तो फेटाळला. हिशेब विचारू द्या, असं ते म्हणत होते. सगळ्यांना एका मापात बसवा, असं नव्हे.

गैरसमज: मालक आपल्या पैशाचं काहीही करील, तुम्हाला काय?

व्यवस्थापक म्हणजे मालक नव्हे. लार्सन अँड टुब्रोला तर प्रवर्तक घराणंच नाही. हेनिंग होल्क-लार्सन आणि सोरेन टुब्रो या दोन डॅनिश अभियंत्यांनी १९३८ मध्ये मुंबईत बॅलार्ड इस्टेटमध्ये कंपनी सुरू केली. कचेरी इतकी लहान होती की एका वेळी दोघांपैकी एकालाच तिथे बसता यायचं, असं सांगतात. आज या कंपनीचे मोठे भागधारक म्हणजे एलआयसी, म्युच्युअल फंड आणि कर्मचाऱ्यांचा स्वतःचा ट्रस्ट. म्हणजे ज्याने एलआयसीचा हप्ता भरला, ज्याची दरमहा एसआयपी कापली जाते, त्याचाही या पैशात वाटा आहे. त्याने प्रश्न विचारला तर तो आगाऊपणा कसा?

कायद्यानेही हा प्रश्न खासगी ठेवलेला नाही. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १९७ नुसार सार्वजनिक कंपनीच्या सर्व संचालकांचा मिळून मोबदला निव्वळ नफ्याच्या ११ टक्क्यांवर न्यायचा असेल, किंवा एकट्या व्यवस्थापकीय संचालकाचा ५ टक्क्यांवर, तर भागधारकांची मंजुरी लागते. याच कलमाने शेअर बाजारात सूचीबद्ध असलेल्या प्रत्येक कंपनीला संचालकाचा मोबदला आणि मध्यक वेतन यांचं गुणोत्तर जाहीर करायला लावलं. तो ५३४ चा आकडा कुणी चोरून आणलेला नव्हता. संचालक मंडळाच्या अहवालाला जोडलेल्या परिशिष्टात तो कुणालाही वाचता येतो.

आणि भागधारक नाही म्हणू शकतात, म्हणतातही. २०१४ मध्ये टाटा मोटर्सच्या भागधारकांनी तीन कार्यकारी संचालकांच्या मोबदल्याचे ठराव नामंजूर केले होते. ऑगस्ट २०२१ मध्ये आयशर मोटर्समध्ये सिद्धार्थ लाल यांच्या फेरनियुक्तीचा, वाढीव मोबदल्यासह आलेला ठराव ७५ टक्के मतं न मिळाल्याने पडला. नंतर मोबदला कमी करून तो पुन्हा आणावा लागला.

गैरसमज: अध्यक्षांचा पगार ५१ कोटी होता. तो वाटला असता तर सगळ्यांचं भलं झालं असतं.

ही चूक रागावलेल्या बाजूची आहे आणि तीही दुरुस्त करायला हवी. त्या ५१ कोटींत मूळ पगार होता ३ कोटी ६० लाख. सुखसुविधांचे १ कोटी ६७ लाख, निवृत्तीच्या लाभांपोटी सुमारे साडेदहा कोटी, आणि सगळ्यात मोठा तुकडा, ३५ कोटी २८ लाख, नफ्यावरच्या कमिशनचा. आता गुणाकार-भागाकार करून पाहा. कंपनीचे कायम कर्मचारी पन्नास हजार धरले आणि ही सगळी रक्कम वाटून टाकली, तर प्रत्येकाला वर्षाला दहा हजारांच्या आसपास येतील. महिन्याला साडेआठशे रुपये.

पण मला वाटतं, खरा मुद्दा त्या कमिशनपाशीच आहे. वरच्याची मिळकत नफ्याला बांधलेली आहे. तुम्ही रविवारी जास्त काम केलंत, नफा वाढला, तर त्याचा वाटा त्याच्यापर्यंत आपोआप पोचतो. खालच्याची मिळकत ठरलेल्या पगाराला बांधलेली. जादा तासांचं फळ त्याच्यापर्यंत पोचेलच असं नाही. दोघांनाही एकच उपदेश, 'जास्त कष्ट करा', पण दोघांसाठी त्याचा अर्थ एक नसतो. लोकांना हे पुस्तकी भाषेत मांडता आलं नाही तरी कळतं, आणि राग तिथून येतो.

हे केवळ एका कंपनीपुरतं नाही. केंद्र सरकारच्याच २०२४-२५ च्या आर्थिक पाहणी अहवालात नोंद आहे की २०२३-२४ मध्ये मोठ्या कंपन्यांचा नफा २२.३ टक्क्यांनी वाढला आणि रोजगार फक्त १.५ टक्क्यांनी. कर्मचाऱ्यांवरचा खर्च १३ टक्क्यांनी वाढला, आदल्या वर्षी ती वाढ १७ टक्के होती. आयटीत नव्याने लागणाऱ्या मुलांचे पगार दशकभर साडेतीन लाखांच्या आसपास घुटमळत राहिले, यावर इन्फोसिसचे माजी वित्तप्रमुख मोहनदास पै यांनीच जाहीर टीका केली आहे. सन १९८१ मध्ये पुण्यात जन्मलेल्या याच इन्फोसिसच्या संस्थापकांपैकी एक, नारायण मूर्ती, यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये तरुणांना आठवड्याला ७० तासांचा सल्ला दिला होता.

गैरसमज: आपण कमी तास काम करतो, म्हणून मागे आहोत.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या आकडेवारीनुसार भारतातला कामगार आठवड्याला सरासरी ४६.७ तास काम करतो, आणि निम्म्याहून अधिक कामगार ४९ तास किंवा त्याहून जास्त. उलट आपल्याहून पुढे असलेला जर्मनी जगात सगळ्यात कमी तास काम करणाऱ्या देशांत मोडतो. जागतिक आरोग्य संघटना आणि श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका ३५ टक्के जास्त आढळला.

गैरसमज: रविवारची सुट्टी इंग्रजांनी दिली, ती एक चैन आहे.

ज्या मुंबईत ही कंपनी जन्मली, त्याच मुंबईत रविवार मिळवावा लागला होता. दान म्हणून तो आला नव्हता. मुंबईच्या गिरण्यांत उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत काम चाले. यंत्रं साफ करायला गिरणी थांबली तर तेवढीच विश्रांती. नारायण मेघाजी लोखंडे हे जोतीराव फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक, 'दीनबंधू'चे संपादक. सप्टेंबर १८८४ मध्ये परळला त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन फॅक्टरी कमिशनकडे धाडलं. मागण्या वाचल्या की आजही गलबलून येतं: आठवड्यात एक दिवस सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, महिन्याच्या १५ तारखेच्या आत पगार, अपघातात जखमी झालेल्याला भरपाई.

सहा वर्षं गेली. एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मीला सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन स्त्रियाही बोलल्या. त्यानंतर गिरणी मालकांनी मागणी मान्य केली आणि १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी सुरू झाली. पुढच्या वर्षी कारखाना कायद्यात साप्ताहिक सुट्टी आली. लोखंडे १८९७ मध्ये प्लेगग्रस्तांची सेवा करताना प्लेगनेच गेले. आपल्यापैकी किती जणांना शाळेत त्यांचं नाव सांगितलं गेलं? दर रविवारी उशिरा उठणाऱ्या महाराष्ट्रात ते घराघरांत माहीत असायला हवं होतं.

आठवड्याला ४८ तासांची मर्यादाही अशीच आली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रम खात्याचे सदस्य असताना कारखाना कायद्यातल्या दुरुस्तीचं काम झालं आणि १९४६ मध्ये ५४ तासांचे ४८ झाले. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने रोजच्या तासांची मर्यादा वाढवण्याचा आणि तीन महिन्यांतला ओव्हरटाइम १४४ तासांपर्यंत नेण्याचा निर्णय घेतला. तेरा आठवड्यांत १४४ म्हणजे आठवड्याला सरासरी ११. अठ्ठेचाळीस अधिक अकरा, एकोणसाठ. ज्यांना हा कायदा लागू आहे, त्यांच्याकडून ९० तास घेणं या वाढवलेल्या मर्यादेतही बसत नाही. वरिष्ठ व्यवस्थापक या मर्यादेबाहेर असतात, आणि नुसतं पदनाम 'मॅनेजर' करून तास मोकळे करून घेण्याची वाट तिथूनच निघते.

गैरसमज: घरी माणूस रिकामा असतो.

आठवड्याला ९० तास म्हणजे सहा दिवस रोज १५. बदलापूरहून दीड तास जायला, दीड तास यायला लागत असेल, तर १८ झाले. उरलेल्या सहा तासांत झोप. मग भाजी कोण आणणार, मुलाचा अभ्यास कोण घेणार, आईचं औषध कोण देणार? सरकारच्या २०२४ च्या वेळ वापर सर्वेक्षणात याचं उत्तर आहे. बिनपगारी घरकाम करणाऱ्या, सहा वर्षांवरच्या व्यक्तींपैकी स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात आणि पुरुष ८८. म्हणजे घराबाहेरचे तास वाढवले की ते कुणाच्या तरी अंगावर पडतात. ऐकणाऱ्यांत नोकरी करणाऱ्या बायकाही असतील, हे 'बायकोकडे बघत बसणं' या शब्दांत गृहीतच धरलेलं नव्हतं. बायकांना आलेला संताप पगारापेक्षा याचा जास्त होता, असं मला वाटतं.

गैरसमज: सगळ्यात वरच्या आणि सगळ्यात खालच्या माणसातलं अंतर ५३४ पट आहे.

हा गैरसमज मला सगळ्यात जास्त छळतो, कारण तो दोन्ही बाजूंच्या लोकांना आहे. मध्यक म्हणजे सगळ्यांना पगाराप्रमाणे एका रांगेत उभं केलं तर बरोबर मधोमध येणारा माणूस. इथे त्याचं वेतन वर्षाला ९ लाख ५५ हजार होतं. निम्मे कर्मचारी त्याच्या खाली आहेत, म्हणजे तो तळातला नाहीच. आणि त्या रांगेत फक्त कंपनीचे कर्मचारी उभे असतात. ठेकेदाराच्या मस्टरवरचा गवंडी, लोखंड बांधणारा, झाडूवाला, सुरक्षारक्षक त्या रांगेत नसतो. कायद्याला 'कंपनीचे कर्मचारी' एवढंच हवं असतं. उद्योगांच्या वार्षिक पाहणीनुसार २०२२-२३ मध्ये देशातल्या कारखान्यांतल्या कामगारांपैकी ४० टक्क्यांहून अधिक कंत्राटी होते. बांधकामाच्या साइटवर तर मुकादमाशिवाय माणूसच येत नाही.

फेब्रुवारी २०२५ मध्ये चेन्नईतल्या एका परिषदेत सुब्रह्मण्यन यांनीच सांगितलं की त्यांच्याकडे अडीच लाख कर्मचारी आणि चार लाख मजूर आहेत. मजूर वर्षातून तीन-चार वेळा बदलतात, म्हणून चार लाखांसाठी सोळा लाख माणसं शोधावी लागतात. कल्याणकारी योजनांमुळे लोक गाव सोडून कामाला यायला तयार नसतात, अशी तक्रार त्यांनी केली. मजूर का टिकत नाही, याला कामाच्या जागेवरचीही कारणं असू शकतात. राहायची पत्र्याची खोली, पिण्याचं पाणी, मुकादमाकडे अडकलेली उचल, घरी पाठवायला उरणारे पैसे हे सगळं त्यात येतं.

शिवडीहून न्हावा शेव्याला जाणाऱ्या अटल सेतूचे दोन टप्पे आणि मुंबईच्या किनारी रस्त्याचा काही भाग याच कंपनीने बांधला. उत्तम बांधला आहे, मी त्यावरून गेलो आहे. समुद्रातल्या खांबांवर रात्रंदिवस राबलेल्या आणि ठेकेदाराच्या मस्टरवर असलेल्या मजुराची मजुरी धरून ते गुणोत्तर पुन्हा काढलं, तर ते ५३४ वर थांबणार नाही. ते काढण्याची सक्ती मात्र अजून कोणत्याही कायद्यात नाही.