‘तिने लगेच तक्रार का केली नाही?’

जून 2020 मध्ये बंगळुरूत कर्नाटक उच्च न्यायालयाने बलात्काराच्या एका आरोपीला अटकपूर्व जामीन दिला. अत्याचारानंतर थकून झोप लागली, हे तक्रारदार स्त्रीचं म्हणणं भारतीय स्त्रीला शोभणारं नाही, असा शेरा त्या आदेशात होता. देशभरातून आक्षेप आल्यावर जुलैच्या सुरुवातीला न्यायालयानेच तो काढून टाकला. पण खरी पीडित बाई आरडाओरडा करते, झुंजते, तडक पोलीस ठाणं गाठते, ही समजूत घराघरांत अजून आहे. प्रत्यक्षात भीतीने अंग गोठतं, आवाज फुटत नाही. कुणाला गाढ झोप लागते, कुणी दुसऱ्या दिवशी मुकाट्याने ऑफिसला जाते. तेवढ्यावरून ती खोटी ठरत नाही.

हा धडा आपल्याकडे फार महाग पडला आहे. देसाईगंज पोलीस ठाण्यात मथुरा या मुलीवर झालेल्या बलात्काराच्या 1972 च्या प्रकरणात अंगावर जखमा नाहीत, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने दोघा पोलिसांना निर्दोष सोडलं. त्यावर देशभर संताप उसळला आणि 1983 मध्ये कायदा बदलला. प्रतिकार केला नाही म्हणजे संमती दिली असं नव्हे, हे आज भारतीय न्याय संहितेतच लिहिलेलं आहे.

जिथे घडलं तिथेच तक्रार द्यावी लागते, हाही गैरसमज. बंगळुरूच्या पीजीत राहणारी मुलगी सांगलीला घरी परतली असेल, तर सांगलीतही ‘झिरो एफआयआर’ नोंदवता येतो. पुढे तो बंगळुरूला पाठवला जातो. जबाब महिला अधिकाऱ्याने घ्यायचा असतो आणि एफआयआरची प्रत मोफत मिळते. बलात्काराच्या तक्रारीला मुदत नाही. मात्र पुरावा लवकर नाहीसा होतो, म्हणून कपडे न धुता जपून ठेवावेत. आंघोळ झाली असली तरी तपासणीला जावं.

एफआयआर नसेल तर डॉक्टर हात लावत नाहीत, असंही सांगितलं जातं. पण सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने पीडितेला मोफत उपचार ताबडतोब द्यायचे असतात. पोलिसांना कळवणं रुग्णालयाचं काम. एचआयव्ही रोखणारी औषधं 72 तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. योनीत दोन बोटं घालून केल्या जाणाऱ्या ‘टू फिंगर टेस्ट’वर सर्वोच्च न्यायालयाची बंदी आहे, तपासणी संमतीनेच होते.

निकाल लागला की ती सावरेल, असं घरचे धरून चालतात. खटला वर्षानुवर्षं चालतो, समुपदेशन मात्र पहिल्या आठवड्यापासून हवं असतं. अंतरिम नुकसानभरपाईही निकालाआधी मागता येते. मुलांसाठी पोक्सो (बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायदा) नियमांत ‘सपोर्ट पर्सन’ची तरतूद आहे, बंगळुरूची ‘एनफोल्ड’ संस्था हे सोबतीचं काम करते.

कुणी विश्वासाने तुम्हाला सांगितलं, तर ‘का’ विचारू नका. ती म्हणेल तिथे तिच्यासोबत जा. तातडीसाठी 112, महिलांसाठी 181, मुलांसाठी 1098, मोफत वकिलासाठी 15100.