चुकून बोली लागली, आता शब्द पाळायचा का?



लिलाव आता आपल्या खिशात आलाय. बँकेने जप्त केलेला ट्रॅक्टर, फायनान्सवाल्यांची पिकअप, सरकारी खात्याचं भंगार, डेपोतलं लाकूड, सगळ्याची बोली मोबाईलवर लागते. ई-नामवर तर आपलाच माल बोलीला असतो. आकडा टाकायचा, बटण दाबायचं. त्यात एक शून्य जादा पडलं किंवा लॉट ३६ ऐवजी ३७ दाबला गेला, की 'अभिनंदन, आपली बोली सर्वोच्च आहे' असा मेसेज येतो आणि पोटात गोळा येतो.

मग घरात दोन मतं पडतात. एक म्हणतं, "चुकून झालंय, सोडून दे." दुसरं म्हणतं, "बोललास ना? मग निस्तर." दोघांचंही थोडं थोडं खरं आहे. आजचा मेसेज त्याच्यावर.

*दुबईत काय झालं?*

१९ डिसेंबर २०२३. दुबईत आयपीएलच्या खेळाडूंचा लिलाव चालू होता. शशांक सिंग हे नाव पुकारलं गेलं, मूळ किंमत २० लाख. पंजाबच्या टेबलावरून पाटी वर गेली, दुसरी बोली आली नाही, हातोडा पडला. लगेच पंजाबच्या टेबलावर कुजबूज सुरू झाली. आपण भलत्याच खेळाडूवर बोली लावली की काय, असं त्यांना वाटलं. लिलाव चालवणाऱ्या मल्लिका सागर यांनी सांगितलं, हातोडा पडलाय, आता मागे नाही. पंजाबने ते मान्य केलं. यादीत एकाच नावाचे दोन खेळाडू असल्याने गोंधळ झाला आणि आम्हाला हवा तोच मिळालाय, असा खुलासा संघाने नंतर केला.

पुढचं तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल. ४ एप्रिल २०२४ ला अहमदाबादला गुजरातविरुद्ध २०० धावांचा पाठलाग करताना शशांकने २९ चेंडूंत नाबाद ६१ केल्या आणि पंजाब जिंकलं. त्या हंगामात त्याच्या ३५४ धावा झाल्या. पुढच्या हंगामासाठी त्याच संघाने त्याला साडेपाच कोटी देऊन ठेवून घेतलं.

पण दादा, यातून 'चुकून लागलेली बोली शेवटी फळते' असा अर्थ काढू नका. प्रत्येक लॉटमध्ये शशांक निघत नाही. घ्यायची गोष्ट एवढीच, की २० लाख त्या संघाच्या आवाक्यात होते, खेळाडू त्यांच्या उपयोगाचा होता आणि हातोडा पडल्यावर त्यांनी वाद वाढवला नाही.

*कायदा काय सांगतो?*

▪️ माल विक्री कायदा १९३०, कलम ६४: हातोडा पडला की विक्री पूर्ण. तोपर्यंत बोली मागे घेता येते. मात्र ऑनलाइन पोर्टलच्या अटींत 'एकदा टाकलेली बोली मागे घेता येणार नाही' असं बहुधा लिहिलेलं असतं, आणि 'मान्य आहे' ही खूण आपणच केलेली असते.

▪️ करार कायदा १८७२, कलम २०: महत्त्वाच्या वस्तुस्थितीबद्दल दोन्ही बाजूंची चूक असेल तर करार टिकत नाही. उदा. जो ट्रॅक्टर विकला तो आधीच जळून गेला होता आणि दोघांनाही माहीत नव्हतं.

▪️ त्याच कायद्याचं कलम २२: चूक एकाच बाजूची असेल, तर तेवढ्या कारणावर करार रद्द करता येत नाही.

▪️ माहिती तंत्रज्ञान कायदा, कलम १०अ: व्यवहार मोबाईलवर झाला म्हणून तो कच्चा ठरत नाही.

थोडक्यात, 'बोट चुकून लागलं' हे कारण कायद्यापुढे लंगडं आहे. लॉटचं वर्णनच खोटं असेल, म्हणजे २०१९ चं मॉडेल लिहून २०१४ चं दिलं, तर गोष्ट वेगळी. तिथे आपली बाजू भक्कम होऊ शकते.

*अनामत किती जाऊ शकते?*

बँकेच्या जप्त मालमत्तेच्या (घर, गाळा वगैरे) लिलावात बोली लागली की २५ टक्के रक्कम त्याच दिवशी किंवा दुसऱ्या कामाच्या दिवशी भरावी लागते आणि बाकी १५ दिवसांत. नाही भरली तर भरलेली रक्कम जप्त. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सेंट्रल बँकेच्या अशाच प्रकरणात निकाल दिला. बोली १२.२७ कोटींची होती, खरेदीदाराला बाकीची रक्कम वेळेत भरता आली नाही आणि त्याचे ३ कोटी ६ लाखांवर रुपये गेले. हायकोर्टाने बरीचशी रक्कम परत द्यायला सांगितलं होतं, ते सुप्रीम कोर्टाने रद्द केलं. तिथे चुकून बोली नव्हती, पैसे उभे राहिले नव्हते. पण नियम कुणासाठी थांबत नाही, हे त्यातून कळतं.

*पलीकडे कोण आहे?*

आपण म्हणतो, बँकेचं काय जातंय! जप्त ट्रॅक्टरच्या मागे एक शेतकरी असतो. लिलावात जी रक्कम येते ती त्याच्या कर्जात वळती होते. आपण ४ लाखांची बोली लावून गायब झालो, तर फेरलिलाव लागतो, दोन महिने जातात, त्याचं व्याज चालू राहतं, आणि दुसऱ्यांदा ट्रॅक्टर साडेतीनला गेला तर फरक त्याच्याच बोकांडी बसू शकतो. शिवाय ज्याने ३ लाख ९० हजारांची खरी बोली लावली होती, तो तोवर दुसरीकडे ट्रॅक्टर घेऊन मोकळा झालेला असतो.

म्हसाच्या यात्रेतला बैलबाजार आठवा. रुमालाखाली बोटं धरून भाव ठरायचा, हातावर विसार टेकवला की बैल त्याचा. विसार देऊन फिरणाऱ्याचा विसार बुडायचा, आणि पुढच्या वर्षी त्याच्याशी रुमाल धरायला कुणी तयार नसायचं. आता रुमालाच्या जागी लॉगिन आलंय, एवढाच फरक. आणि बोली आपल्या कंपनीच्या लॉगिनवरून लागली असेल, तर काळ्या यादीत एकटा माणूस जात नाही, सगळे सभासद जातात.

*मग पाळायची की नाही?*

१) *भाव चढवत गेलो आणि नंतर पस्तावलो.* ही चूक नाही, हा पस्तावा आहे. बोली पाळा.

२) *लॉट चुकला, पण किंमत आवाक्यात आहे.* वस्तू कामाची असेल तर घ्या. नसेल तर ताबडतोब कळवा, आणि फेरलिलावाचा खर्च देण्याची तयारी स्वतःहून दाखवा.

३) *शून्य जादा पडलं.* ४ लाखांच्या वस्तूला ४० लाख. ही कुणाचीच खरी बोली नाही, आणि ती पाळायला घर-जमीन गहाण टाकू नका. पण गप्पही बसू नका. आपली चूक मान्य करा, काही मिनिटांत लेखी कळवा, समोरच्याचं जे खरं नुकसान झालं ते भरून द्या. अनामत गेली तर तो त्या चुकीचा दंड समजा.

*चूक समोरच्याची असेल तर?*

समजा ई-नामवर आपल्या भाताला व्यापाऱ्याने २,४०० ऐवजी २४,००० टाकले. आपल्याला दिसतंय की ही चूक आहे. तिथे भाव स्वीकारायचा की नाकारायचा हा हक्क शेतकऱ्याचा असतो. आता परीक्षा आपली.

सिंगापूरमध्ये २००३ साली एका वेबसाइटवर ३,८५४ डॉलरचा प्रिंटर चुकून ६६ डॉलरला दिसला. सहा जणांनी मिळून १,६०६ प्रिंटर मागवले. कोर्टाने ते सौदे रद्द ठरवले, कारण चूक असल्याचं त्यांना कळत होतं आणि तरी त्यांनी झडप घातली. तो निकाल आपल्याकडे लागू होत नाही, पण न्याय पटण्यासारखा आहे. आपलं शून्य चुकलं तर आपण माफी मागणार, मग त्याचं चुकलं तर आपण लॉटरी समजायची का? व्यापाऱ्याला फोन करा, बोली दुरुस्त करायला लावा. तो व्यापारी पुढच्या हंगामातही आपल्याच भाताला बोली लावणार आहे.

*चुकीची बोली लागलीच तर*

✅ स्क्रीनशॉट काढा, त्यात वेळ आणि लॉट नंबर दिसला पाहिजे.
✅ लिलाव अधिकाऱ्याला आधी फोन, लगेच ईमेल. नुसता फोन पुरावा होत नाही.
✅ ॲप काढून टाकणं, फोन बंद ठेवणं, नंबर बदलणं, यातलं काही करू नका. त्याने चुकीची लबाडी होते.
✅ पैसे भरण्याची मुदत चालूच राहते. उत्तराची वाट बघत ती घालवू नका.
✅ रक्कम मोठी असेल तर पहिल्या दिवशीच वकिलाला दाखवा.

*आणि बोली लावण्याआधी*

👉 अटींचा कागद पूर्ण वाचा, विशेषतः अनामत जप्तीचं कलम.
👉 वस्तू प्रत्यक्ष बघा, लॉट नंबर कागदावर लिहून घ्या.
👉 आपली शेवटची बोली आधीच अक्षरी लिहून ठेवा: 'चार लाख दहा हजार'.
👉 आकडा टाकल्यावर घरातल्या दुसऱ्या कुणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्या, मगच बटण दाबा.
👉 नेटवर्क अडखळत असेल तर एकच बटण पुन्हा पुन्हा दाबू नका.
👉 लॉगिन आणि ओटीपी दुसऱ्याच्या हातात देऊ नका. तुमच्या लॉगिनवरून आलेली बोली तुमचीच धरली जाते.

लिलावाचा अटींचा कागद कळत नसेल तर बोलीच्या आधी कंपनीच्या कार्यालयात घेऊन या, बसून वाचू. गटातल्या ज्या सभासदांकडे हा मेसेज पोचला नसेल त्यांना पाठवा. 🌾