छोटी मोटार घेताना काय पाहावे?



बेणे, खत, पाण्याच्या पाळ्या याबद्दल आम्हाला विचारले जाते, ते आमचे कामच आहे. पण हल्ली गावोगाव फिरताना दुसराच प्रश्न पुढे येतो, "साहेब, लहान गाडी घ्यायची आहे, कोणती घेऊ?" यात हौस थोडी आणि गरज जास्त. दारव्हा मोतीबागवरून जाणारी शकुंतला बंद पडली. रात्री घरात कुणाला बरे नसले तर चाळीसेक किलोमीटर यवतमाळला न्यायला भाड्याची गाडी सांगावी लागते, आणि अशा वेळी भाडे किती पडते ते सर्वांना ठाऊक आहे.

आधी पैशाचे बोलू. समजा, ३ लाखांचे कर्ज १० टक्के दराने ५ वर्षांसाठी काढले. हप्ता येतो सुमारे ६,३७५ रुपये. म्हणजे मुद्दलावर ८२ हजारांच्या वर व्याज. हा हप्ता दर महिन्याला जातो, ऊसबिल मात्र दर महिन्याला येत नाही. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात १४ दिवसांत पैसे देण्याची तरतूद असली, तरी बिलातून सोसायटीचे पीककर्ज आधी कापले जाते. उरते त्यातून घर चालते, मुलांच्या फिया जातात. म्हणून बँकेत पहिला प्रश्न व्याजाच्या दराचा विचारू नका. सहामाही हप्ता करून मिळेल का, ते विचारा. आणि पीककर्जाचा पैसा गाडीत घालू नका. लागणीच्या खताला पैसे उरले नाहीत तर त्या गाडीची किंमत एकरी टनांत मोजावी लागते.

चालवण्याचा खर्च असा. पेट्रोल १०५ रुपये धरा आणि गाडी आपल्या रस्त्यांवर १८ किलोमीटर देते असे धरा. (जाहिरातीतला आकडा धरू नका, तो आपल्या रस्त्यावरचा नसतो.) किलोमीटरला पावणेसहा रुपयांच्या वर जातात. यवतमाळला जाऊन-येऊन साडेचारशे ते पावणेपाचशे. विमा, टायर, सर्व्हिसिंग वेगळे. महिन्यातून दोनदाच गाडी लागणार असेल तर भाड्याची परवडते, हे आम्ही तोंडावर सांगतो. काहींना राग येतो.

आता कोणती? आपण को ८६०३२ का लावतो? बेणे कुठेही मिळते, खोडवा चांगला येतो, सगळ्यांना त्याची रीत माहीत आहे. गाडीचेही तसेच. १४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० ची पहिली गाडी गिऱ्हाइकाच्या हाती दिली गेली. इंजिन ७९६ सीसीचे, तीन सिलिंडरचे. ती २०१४ पर्यंत निघत राहिली, कारण तालुक्याच्या गावातला मेस्त्रीही ती खोलू शकत होता आणि सुटे भाग सहज मिळत. उलट टाटांची नॅनो २००९ मध्ये सर्वांत स्वस्त म्हणून रस्त्यावर आली आणि २०१८ मध्ये तिचे उत्पादन थांबले. नुसत्या स्वस्ताईवर गाडी टिकत नाही.

तेव्हा आल्टो के-१०, वॅगन-आर, टियागो, क्विड यांपैकी काहीही पाहा, पण आधी दारव्ह्यात किंवा यवतमाळात तिचे काम कोण करतो, क्लच प्लेट किती दिवसांत मिळते, हे विचारून या. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला; त्याआधीची दरपत्रके फाडून टाका. क्विडची जमिनीपासूनची उंची कंपनी १८४ मिलिमीटर सांगते, वॅगन-आरची १६५. खड्ड्यांच्या रस्त्याला हा फरक जाणवतो. पावसाळ्यात काळ्या मातीच्या पांदणीत मात्र दोन सेंटिमीटरने काही होत नाही. तिथे बैलबंडी नाहीतर ट्रॅक्टरच. मोटार डांबरी रस्त्यावर उभी करून वावरात पायी जावे.

जुनी घ्यायची म्हणजे दुसऱ्याचा खोडवा सांभाळायचा. बुडखे तपासूनच घ्यावा. पहाटे जा, इंजिन थंड असताना स्टार्ट करायला लावा. विकणारा आधीच गरम करून ठेवत असेल तर काहीतरी आहे. थंड असतानाच रेडिएटरचे झाकण उघडा. आत तांबूस गाळ दिसला तर विहिरीचे क्षारांचे पाणी घातले आहे, आणि मे महिन्याच्या उन्हात अशी गाडी हमखास तापते. ऑइलची कांडी काढा. ऑइल दुधाळ दिसले तर हेड गॅस्केट गेलेले असू शकते, तिथूनच परत फिरा. गोठ्याशेजारी उभ्या राहिलेल्या गाडीच्या वायरी उंदरांनी कुरतडल्या नाहीत ना, तेही पाहा. शक्यतो जुलै २०१९ नंतरची घ्या. त्यावेळेपासून चालकाची एअरबॅग सक्तीची झाली, एबीएस ब्रेक त्याच वर्षी एप्रिलपासून आले. घरची माणसे बसणार आहेत, इथे काटकसर नको.

इथेनॉलबद्दल बरेच जण विचारतात. ऊस आपलाच, म्हणून आम्ही त्याची बाजू घेणार असे वाटेल, पण हिशेब सरळ आहे. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी, म्हणून २० टक्के मिश्रणावर ॲव्हरेज घसरतेच. जुन्या धाटणीच्या चारचाकीत ही घट ६ ते ७ टक्के, असे नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच म्हटले आहे. एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या गाड्यांचे भाग या मिश्रणाला धरून केलेले आहेत. त्याआधीची, विशेषतः दहा-पंधरा वर्षांची गाडी असेल तर रबरी नळ्या आणि गॅस्केट मेस्त्रीकडून पाहून घ्या. इथेनॉल पाणी ओढते, म्हणून महिनोन्महिने उभी राहणारी गाडी अर्ध्या टाकीवर ठेवू नका.

राहिले कागद. चेसिस आणि इंजिनचे नंबर आरसी बुकाशी स्वतः ताडून पाहा. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेचा ना-हरकत दाखला आणि फॉर्म ३५ हातात पडल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून गाडी यवतमाळच्या परिवहन कार्यालयात नावावर करून घ्या, विमाही लगेच नावावर चढवा. १५ वर्षे पूर्ण होत आलेली गाडी असेल तर फेरनोंदणीचे वाढीव शुल्क आणि हरित कर किंमत ठरवतानाच वजा करा.