काचेची नळी आणि 20 मिनिटे

वडसा हे रेल्वे स्थानकाचे नाव, देसाईगंज हे तालुक्याचे. गोंदिया-बल्लारशा मार्गावरचे, वैनगंगेकाठचे हे गाव झाडीपट्टीच्या नाटकमंडळ्यांमुळे ओळखीचे असले, तरी भोवतालचा मुलूख धानाचा. आषाढात रोवणी सुरू झाली की आई चिखलात आणि लेकरू बांधीच्या धुऱ्यावर, हे चित्र घरोघरचे. उन्हाळ्यात मोहफुले वेचायला भल्या पहाटे निघतात, तेव्हाही पोरे सोबत असतातच. त्याच धुऱ्यावर, त्याच पाचोळ्यात उंदरांच्या मागावर घोणस येते. विदर्भात तिला परड म्हणतात.

परड चावलेले मूल दवाखान्यात येते तेव्हा पाय सुजलेला असतो, पण रक्त वाहत असेलच असे नाही. आतले रक्त गोठण्याची ताकद गमावून बसले आहे का, हे वरवर पाहून ठरवता येत नाही. ते सांगते एक साधी काचेची परीक्षानळी. वीज नको, रसायन नको. ग्रामीण रुग्णालयात मोठ्या प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट न पाहता डॉक्टर जिच्या भरवशावर निर्णय घेऊ शकतो, अशी ही चाचणी.

रीत अशी. शिरेतून सुमारे 2 मिलिलिटर रक्त काढायचे, नव्या, कोरड्या काचनळीत सोडायचे आणि नळी 20 मिनिटे हलवायची नाही. वेळ झाली की एकदाच कलती करायची. रक्त विरजण लागलेल्या दह्यासारखे जागेवर राहिले तर ते गोठते आहे. पाण्यासारखे ओघळले तर विष रक्तात भिनले आहे आणि प्रतिविष ताबडतोब सुरू करायचे. नळी काचेचीच हवी, कारण काचेचा स्पर्श हाच गोठण्याची प्रक्रिया सुरू करतो. प्लास्टिकच्या नळीत किंवा साबणाने धुतलेल्या काचेत निरोगी माणसाचे रक्तही पातळ राहू शकते, आणि मग प्रतिविष नाहक दिले जाते. म्हणून जाणते कर्मचारी शेजारी निरोगी माणसाच्या रक्ताची दुसरी नळी ठेवतात. सर्पदंशासाठी कोऱ्या काचनळ्यांचा वेगळा डबा राखून ठेवणे हे किरकोळ काम वाटते. पण अख्ख्या चाचणीची विश्वासार्हता त्या डब्यावर उभी आहे.

विष नेमके करते काय? घोणशीच्या विषातले घटक रक्तातल्या दहाव्या आणि पाचव्या गोठणघटकाला जागे करतात. त्यातून थ्रॉम्बिन बेसुमार तयार होते, आणि गुठळीचे धागे ज्यापासून बनतात ते फायब्रिनोजेन काही तासांत खर्ची पडते. म्हणजे रक्त गोठत नाही याचे कारण, गोठण्याचे सामान आधीच उधळले गेले आहे. अशा वेळी कुणी ब्लेडने चीर दिली, तर ती जखम थांबता थांबत नाही. स्नायूत इंजेक्शन दिले तरी आत रक्त साचते.

याच विषाने एका काळी रक्तस्राव थांबवलाही आहे. 1934 साली लंडनमध्ये रॉबर्ट मॅकफर्लेन यांनी प्राणिसंग्रहालयातले सर्पतज्ज्ञ बर्जेस बार्नेट यांच्या साथीने घोणशीचे अतिसौम्य केलेले विष हिमोफिलियाच्या रुग्णांच्या जखमांवर वापरून पाहिले. त्याच मॅकफर्लेन यांनी 1964 मध्ये गोठणघटक एकामागून एक कसे जागे होतात याची साखळी मांडली. वडशाच्या बांधीतल्या लेकरावर येणारे संकट समजायला आज तीच साखळी उपयोगी पडते.

लहान मुलांबाबत एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी, कारण चूक इथेच होऊ शकते. प्रतिविषाची मात्रा वजनावर ठरत नाही. साप मूल पाहून कमी विष सोडत नाही, त्यामुळे 15 किलोच्या पोरालाही मोठ्या माणसाइतक्याच कुप्या लागतात, सुरुवातीलाच 8 ते 10. किंबहुना तेवढेच विष लहान अंगात पसरलेले असल्याने ते अधिक घातक. औषधाची रिअ‍ॅक्शन येऊ शकते, म्हणून अ‍ॅड्रेनॅलिन हाताशी भरून ठेवतात. रक्तद्रव किंवा रक्त चढवून भागत नाही, कारण विष अंगात असेतो नवे घटकही त्याच वाटेने जातात.

पहिल्या मात्रेनंतर 6 तासांनी नळी पुन्हा भरायची. यकृताला गोठणघटक नव्याने तयार करायला साधारण तेवढा वेळ लागतो. रक्त अजून पातळच असेल तर प्रतिविष पुन्हा. मूल संध्याकाळी आले असेल तर ही पाळी मध्यरात्री येते, आणि तेव्हा जागी असलेली परिचारिका, भिंतीवरचे घड्याळ आणि नळी एवढ्यांवरच उपचार चालतो. या कामाची नोंद क्वचितच कुठे होते. ती व्हायला हवी.

भारतातले बहुसंयोगी प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालते. ते घोड्यांच्या रक्तद्रवापासून बनते, आणि मुंबईच्या हाफकिनचे नाव महाराष्ट्राला त्यामुळेही ठाऊक आहे. त्यासाठी लागणारे विष मुख्यतः 1978 मध्ये स्थापन झालेल्या तामिळनाडूच्या इरुला सर्पपकड सहकारी संस्थेकडून येते. पण घोणशीचे विष प्रांताप्रांतात थोडे बदलते. दक्षिणेतल्या सापांच्या विषावर बेतलेले औषध वैनगंगेकाठच्या परडीवर किती नेमके चालते, हा प्रश्न संशोधकांनी उचलून धरला आहे, आणि तो धरलाच पाहिजे.

2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'मिलियन डेथ' अभ्यासानुसार भारतात 2000 ते 2019 या काळात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसे गेली, म्हणजे वर्षाला सरासरी 58 हजार. त्यांत चौथ्या हिश्शाहून अधिक 15 वर्षांखालची मुले होती, आणि निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधले, म्हणजे ऐन रोवणीच्या हंगामातले. 2030 पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा केंद्राने 2024 मध्ये जाहीर केला.

नळीला मर्यादा आहेत. गोठण्यातला सौम्य बिघाड ती कधी कधी पकडत नाही. मण्यारीच्या दंशात रक्त नीट गोठते आणि श्वास बंद पडतो, तिथे ती काहीच सांगत नाही. जंतुसंसर्ग रक्तात पसरलेल्या किंवा डेंग्यूने खालावलेल्या मुलाचेही रक्त गोठेनासे होते, पण त्यावर प्रतिविषासारखा थेट उतारा नाही. तिथे मूळ आजाराशीच झुंजावे लागते. घोणशीचे विष मूत्रपिंडावरही घाव घालते, म्हणून रक्त गोठू लागले तरी मुलाची लघवी मोजत राहायची. ती कमी झाली की डायलिसिसची सोय असलेल्या रुग्णालयात त्याला विलंब न करता हलवायचे. सोबतच्या चिठ्ठीत दंशाची वेळ, दिलेल्या कुप्यांची संख्या आणि प्रत्येक नळीचा निकाल तासासह लिहिलेला असावा. पुढचा डॉक्टर आपली पहिली नळी कधी भरायची ते त्यावरूनच ठरवतो.