रंग दिसतो, नाव सुचत नाही

तान्ह्या पोळ्याला इतवारी परिसरात काळी आणि पिवळी मारबत निघते. वडिलांच्या खांद्यावर बसलेले तीन वर्षांचे मूल दोन्हींकडे टक लावून पाहते. पण 'पिवळी कोणती?' असे विचारले की भलतीकडेच बोट दाखवते. मग घरच्यांच्या मनात शंका येते, याला रंग दिसत नाहीत की काय?

ही शंका चार्ल्स डार्विनलाही आली होती. आपल्या मुलांना रंगांची नावे सांगता येईनात, तेव्हा ती रंगांध असावीत असे त्याला वाटले. पुढे ती शंका खोटी ठरली, हे त्याने १८७७ मध्ये लिहून ठेवले.

बाळ चार-पाच महिन्यांचे झाले की त्याला रंगांतला फरक बऱ्यापैकी कळतो. नावे मात्र साधारण दोन ते चार या वयात हळूहळू बसतात. चेंडू हातात धरता येतो, 'लाल' धरता येत नाही. त्यात मराठीत तोच रंग आंब्याला पिवळा, साडीला पिवळी आणि केळ्याला पिवळे! लाल, गुलाबी, केशरी त्या मानाने सोपे, ते बदलत नाहीत.

मायकेल रॅम्सकर आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये इंग्रजी बोलणाऱ्या दोन वर्षांच्या मुलांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. 'लाल चेंडू' याऐवजी 'चेंडू लाल आहे' अशा क्रमाने ऐकलेली मुले रंग अधिक चांगले शिकली. वस्तू आधी कळली की लक्ष तिच्या रंगाकडे जाते. मराठीत असे बोलणे मुळीच अवघड नाही.

खेळणी विकत आणायचीही गरज नाही. आंबिया बहराची संत्री बाजारात येऊ लागली की एकाच टोपलीत हिरवट, पिवळसर, केशरी अशी सगळी सापडतात. मुलाच्या हाती एक द्यावे आणि 'याच्यासारखे दुसरे शोध' एवढेच म्हणावे. नाव विचारू नये. आकार सारखा आणि रंग तेवढा वेगळा, हे महत्त्वाचे. मॉन्टेसरी पद्धतीतल्या रंगपट्ट्यांमागेही हाच विचार आहे. जोड्या जमू लागल्या की आपण नाव घ्यावे, मग 'केशरी दे' म्हणावे आणि 'हा कोणता?' हा प्रश्न सर्वांत शेवटी. पाहुण्यांसमोर परीक्षा तर नकोच. बटणे, मणी तीन वर्षांखालच्या मुलांना देऊ नयेत. ती तोंडात जातात.

याच खेळात खरी अडचणही लक्षात येते. नाव चुकते पण जोडी बरोबर लागते, तर थांबावे. जोडीच वारंवार चुकत असेल, विशेषतः लाल-हिरव्याची, तर नेत्रतज्ज्ञांना दाखवावे. लाल-हिरव्याचे रंगांधत्व एक्स गुणसूत्रातून येते, म्हणून ते मुलग्यांत जास्त आढळते. अक्षरओळख नसलेल्या मुलांसाठी चित्रांची चाचणी असते. जन्मजात दोषावर इलाज नाही, पण शाळेत बाईंना आधीच सांगून ठेवले तर नकाशातला हिरवा भाग दाखवता आला नाही म्हणून मुलाला बोलणी बसणार नाहीत.