पीटनपोल एअर कॅम्पर

पीटनपोल एअर कॅम्पर हे हौशी व्यक्तीला स्वतःच्या कार्यशाळेत बांधता यावे अशा रीतीने आखलेले दोन आसनी, एकपंखी अमेरिकन विमान आहे. बर्नार्ड पीटनपोल (१९०१–१९८४) यांनी मिनेसोटा राज्यातील चेरी ग्रोव्ह या छोट्या गावात त्याची रचना केली. इ.स. १९२९ मध्ये त्यांनी त्यास फोर्ड मॉडेल ए मोटारीचे इंजिन बसवून उड्डाण केले. लाकडी सांगाडा, कापडी आवरण आणि जुन्या मोटारीचे इंजिन यांमुळे हे विमान सामान्य कारागिराच्या आवाक्यात आले. आजही त्याच्या आराखड्यावरून नवी विमाने बांधली जातात.

इतिहास

पीटनपोल हे स्वशिक्षित यंत्रकारागीर होते. विमानासाठी तयार केलेली इंजिने महाग असल्याने त्यांनी प्रथम फोर्ड मॉडेल टी मोटारीचे इंजिन वापरून पाहिले. परंतु त्याची शक्ती दोन माणसांच्या विमानास अपुरी होती. इ.स. १९२७ च्या अखेरीस फोर्ड कंपनीने मॉडेल ए ही मोटार बाजारात आणली आणि तिच्या इंजिनाने हा प्रश्न बऱ्याच अंशी सोडवला.

मोटारीच्या इंजिनावर विमान समाधानकारक उडू शकत नाही, असे मत त्या काळी 'मॉडर्न मेकॅनिक्स' या मासिकाचे संपादक वेस्टन फार्मर यांनी मांडले होते. त्याचे उत्तर म्हणून इ.स. १९३० मध्ये पीटनपोल यांच्या बाजूने दोन विमाने मिनियापोलिसजवळ उडवत नेण्यात आली. त्यानंतर या मासिकाने विमानाची माहिती प्रसिद्ध केली आणि इ.स. १९३२ च्या 'फ्लाइंग अँड ग्लायडर मॅन्युअल' या वार्षिकात बांधणीचे आराखडे छापले गेले. सुधारित आराखडे ओरिन हूपमन यांनी इ.स. १९३३-३४ मध्ये रेखाटले. मॉडेल टी इंजिनावर चालणारे 'स्काय स्काउट' हे एकासनी विमानही पीटनपोल यांनी तयार केले. इ.स. १९६० च्या दशकात त्यांनी शेव्हरोले कॉर्व्हेअर मोटारीचे हवेने थंड होणारे इंजिन वापरले.

रचना व बांधणी

विमानाचा पंख धडाच्या वर, दांड्यांवर छत्रीसारखा तोललेला असतो. त्याची लांबी सुमारे २९ फूट असून रिकाम्या विमानाचे वजन सुमारे ६१० पौंड (२७७ किलोग्रॅम) भरते. दोन्ही आसने उघडी व एकामागोमाग एक असतात. चालक मागच्या आसनावर बसतो.

धडाच्या दोन्ही बाजूंच्या चौकटी स्प्रूस वृक्षाच्या लाकडी पट्ट्यांपासून सपाट टेबलावर जुळवून नंतर एकमेकींस जोडतात. पंखाच्या फासळ्या एकाच साच्यात एकेक करून चिकटवल्या जातात. लाकडाचे तंतू सरळ असणे व त्यात गाठी नसणे यावर पंखाच्या मुख्य तुळयांची ताकद अवलंबून असते, म्हणून लाकडाची निवड हा बांधणीतील सर्वांत जोखमीचा टप्पा मानला जातो. पूर्वी सांध्यांसाठी दुधातील प्रथिनापासून केलेला केसीन सरस वापरत. तो ओलाव्यात कुजतो. त्यामुळे आता इपॉक्सीसारखे कृत्रिम सरस वापरतात. सुती कापडाची जागाही बहुतेक ठिकाणी पॉलिस्टर कापडाने घेतली आहे.

मोटारीचे इंजिन विमानात

फोर्ड मॉडेल ए चे इंजिन चार सिलिंडरचे, पाण्याने थंड होणारे व ३.३ लिटर क्षमतेचे आहे. मिनिटाला २,२०० फेऱ्यांवर ते ४० अश्वशक्ती देते. त्याची ही संथ गतीच विमानास उपयुक्त ठरली. प्रोपेलरच्या पात्यांची टोके ध्वनीच्या वेगाजवळ गेली, की त्याची कार्यक्षमता झपाट्याने घटते. ७६ इंच व्यासाचा प्रोपेलर मिनिटाला १,८०० फेऱ्यांनी फिरला, तर टोकांचा वेग सेकंदाला सुमारे १८० मीटर होतो. ध्वनीचा वेग सुमारे ३४० मीटर आहे. तोच प्रोपेलर आधुनिक मोटार इंजिनाच्या ५,५०० फेऱ्यांवर थेट जोडल्यास टोकांचा वेग ५५० मीटरच्या पुढे जाईल. म्हणून अशा इंजिनांना वेग कमी करणारी दातेरी चक्रे किंवा पट्टा लागतो. मॉडेल ए मध्ये फ्लायव्हील काढून प्रोपेलर क्रँकशाफ्टला थेट जोडता येतो.

तरीही काही बदल आवश्यक ठरतात. मोटारीत क्रँकशाफ्टवर अक्षाच्या दिशेने फारशी ओढ येत नाही. विमानात मात्र प्रोपेलर त्याला सतत पुढे ओढतो आणि वळताना त्यावर वाकवणारा ताणही आणतो. त्यामुळे प्रोपेलरकडील बेअरिंगवर विशेष भार पडतो. दीर्घ चढाईत इंजिन कललेले राहिल्याने तेल मागे सरकते, म्हणून पुढच्या बेअरिंगपर्यंत ते पोहोचवण्यासाठी वेगळी सोय करावी लागते. बॅटरी व कॉइलऐवजी स्वतःच वीज निर्माण करणारा मॅग्नेटो बसवतात. रेडिएटर सहसा इंजिनाच्या वर उभा बसवला जात असल्याने चालकाची समोरची दृष्टी काहीशी अडते.

या सोयीची किंमत वजनात मोजावी लागते. विमानात बसवलेले हे इंजिन साधारण ११० किलोग्रॅम भरते. पुढे लोकप्रिय झालेले काँटिनेंटल ए-६५ हे विमान इंजिन सुमारे ७७ किलोग्रॅम वजनात ६५ अश्वशक्ती देते. मात्र हलके इंजिन नुसते बदलून बसवता येत नाही. नाकावरील भार घटल्याने विमान शेपटीकडे जड होते. तोल साधण्यासाठी इंजिन पुढे घ्यावे लागते किंवा पंख मागे सरकवावा लागतो.

देखभाल

मॉडेल ए च्या मुख्य बेअरिंगांत कथिल, अँटिमनी व तांबे यांचा बॅबिट हा मऊ मिश्रधातू ओतलेला असतो. त्याला तडे गेल्यास किंवा तो झिजल्यास तेलाचा दाब घटतो व ठोके ऐकू येतात. अशा वेळी बेअरिंग नव्याने ओतून घ्यावे लागते. क्रँकशाफ्टमधील सूक्ष्म तडे डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून इंजिन उघडल्यावर त्याची चुंबकीय तपासणी करतात. प्रत्येक सिलिंडरला एकच स्पार्क प्लग असतो. विमान इंजिनांत सामान्यतः दोन मॅग्नेटो व दोन प्लग असतात आणि एक संच बंद पडला तरी इंजिन चालू राहते. एकाच मॅग्नेटोवर चालणाऱ्या मॉडेल ए मध्ये ही राखीव सोय नसल्याने मॅग्नेटो, तारा व प्लग यांची तपासणी टाळता येत नाही.

लाकडी प्रोपेलर दमट हवेत फुगतो व कोरड्या हवेत आकसतो. ऋतू बदलला, की त्याचे बोल्ट पुन्हा योग्य बलाने आवळावे लागतात. रेडिएटरच्या रबरी नळ्या, नियंत्रक तारा आणि धडाच्या तळाशी साचणारे पाणी यांकडेही लक्ष द्यावे लागते. कापडाखाली लाकूड कुजू लागले, तर बाहेरून ते दिसत नाही. म्हणून तपासणीची झाकणे व पाणी निचरण्याची छिद्रे बांधणीतच ठेवली जातात.

नियम व सुरक्षितता

अमेरिकेत अशा विमानांची नोंद प्रायोगिक वर्गात होते. त्यासाठी विमानाचा निम्म्याहून अधिक भाग हौशी व्यक्तींनी शिक्षणासाठी किंवा छंद म्हणून बांधलेला असावा लागतो. पहिली चाचणी उड्डाणे ठरवून दिलेल्या हद्दीतच करावी लागतात. त्यानंतर दर बारा महिन्यांनी विमानाची तपासणी सक्तीची असते. मुख्य बांधणारा त्या एका विमानापुरते तपासणीचे प्रमाणपत्र मिळवू शकतो. विमान विकल्यास ते प्रमाणपत्र नव्या मालकाकडे जात नाही.

४० अश्वशक्तीवर दोन माणसे घेऊन उडताना शक्तीचा साठा फारसा उरत नाही. उष्ण दिवशी किंवा उंच प्रदेशात हवा विरळ असल्याने चढाई आणखी मंदावते. दांड्या, तारा व उघडी आसने यांचा हवेला मोठा विरोध होतो. म्हणून इंजिन बंद पडताच नाक खाली करून वेग राखावा लागतो, अन्यथा पंखाची उचल नाहीशी होते. मात्र ताशी सुमारे ३५ मैल इतक्या कमी वेगापर्यंत विमान हवेत तरंगू शकत असल्याने लहान शेतातही ते उतरवता येते. इंजिनाच्या निर्दोषपणाची हमी येथे कोणताही कारखाना देत नाही. ती जबाबदारी बांधणाऱ्यावर व देखभाल करणाऱ्यावर येते. त्यामुळे या विमानात बांधणीचे ज्ञान हाच सुरक्षिततेचा मुख्य आधार ठरतो.