कोयनेचे भूकंप : यंत्रे आणि गणित काय सांगतात?

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ तीव्रतेच्या भूकंपाने कोयना धरणाजवळचे कोयनानगर उद्ध्वस्त केले. पावणेदोनशेहून अधिक माणसे दगावली. भूकंपमापकांची जाळी आणि संगणकावरील गणिते यांच्या साहाय्याने त्या परिसराचा अभ्यास आजही सुरू आहे. तरीही काही समजुती हटत नाहीत.

गैरसमज : धरणातल्या पाण्याच्या भाराने जमीन दबते आणि भूकंप होतो.

वस्तुस्थिती : हिशेब करून पाहू. शंभर मीटर खोल पाण्याचा तळावरचा दाब हवेच्या दाबाच्या सुमारे दहापट भरतो. पाच किलोमीटर खोलीवर नुसत्या खडकांचा दाब तेराशेपट असतो. त्यापुढे पाण्याचे वजन किरकोळच. खरे काम करते ते झिरपणारे पाणी. ते भेगांमधून खाली उतरते, भेगेतला दाब वाढवते आणि दोन्ही बाजूंच्या खडकांची एकमेकांवरची पकड सैल करते. ताण मात्र तिथे आधीपासून साठलेला असावा लागतो. पाणी केवळ निमित्त ठरते. म्हणूनच जगातल्या बहुतेक मोठ्या धरणांजवळ असे भूकंप होत नाहीत. कोयनेच्या दक्षिणेला वारणा धरणात १९८५ पासून पाणी साठू लागले आणि १९९३ च्या सुमारास धक्क्यांचे क्षेत्रही त्या बाजूला पसरले.

गैरसमज : एक उत्तम भूकंपमापक असला की भूकंप कुठे झाला ते कळते.

वस्तुस्थिती : एका यंत्रावरून मुख्यतः अंतर कळते. भूकंपाच्या प्राथमिक लहरी आधी पोहोचतात, दुय्यम लहरी मागून येतात. दोन्हींमधल्या सेकंदांना आठने गुणले की अंतर ढोबळमानाने किलोमीटरमध्ये मिळते. जागा ठरवायला किमान तीन केंद्रांची नोंद लागते आणि खोली नीट कळायची तर एखादे केंद्र भूकंपाच्या अगदी जवळ हवे. शिवाय लहरी कोणत्या खडकातून किती वेगाने येतात, हेही ठाऊक असावे लागते. कोयना परिसरात गोठणे येथे २०१७ पर्यंत तीन किलोमीटर खोल बोअर घेण्यात आली. तिथे सुमारे सव्वा किलोमीटर जाडीच्या काळ्या कातळाखाली ग्रॅनाइटचा जुना पाया लागला. या परिसरातल्या इतर काही बोअरमध्ये खोलवर भूकंपमापक उतरवले आहेत. जमिनीवरच्या वर्दळीचा गोंगाट तिथे फारसा पोहोचत नाही, त्यामुळे अगदी बारीक धक्केही नोंदले जातात.

गैरसमज : लहान धक्के बसत राहिले की ताण निघून जातो आणि मोठा भूकंप टळतो.

वस्तुस्थिती : तीव्रता एका अंकाने वाढली की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पट होते, दोन अंकांनी वाढली की हजारपट. म्हणजे ६.३ च्या एका भूकंपाइतकी ऊर्जा मोकळी व्हायला ४.३ चे हजारभर धक्के लागतील. कोयना-वारणा भागात पाच दशकांत ४ किंवा त्याहून मोठे धक्के बसले ते सुमारे दोनशे.

गैरसमज : धरण उभे राहिले, म्हणजे त्याचा आराखडा भूकंपालाही पुरेसा होता.

वस्तुस्थिती : १९६७ च्या भूकंपात १०३ मीटर उंचीचे कोयना धरण फुटले नाही, पण त्याला तडे गेले. आराखड्यात भूकंपाचा जोर गुरुत्वाकर्षणाच्या ५ टक्के धरला होता आणि तो तळापासून माथ्यापर्यंत सारखाच मानला होता. धरणातल्याच यंत्राने प्रवाहाच्या दिशेने नोंदवलेला कमाल जोर ५० टक्क्यांच्या आसपास होता. त्यातच धरणाचा माथा तळापेक्षा जास्त डोलतो. १९७३ मध्ये बर्कलीच्या अनिल चोप्रा आणि पी. चक्रबर्ती यांनी या नोंदीवरून धरणाच्या छेदाचे संगणकीय विश्लेषण प्रसिद्ध केले. ज्या उंचीवर धरणाचा मागचा उतार एकदम बदलतो, तिथे, म्हणजे सुमारे ६६ मीटरवर, काँक्रीटला पेलणार नाही इतका ताण निघाला. प्रत्यक्षातले तडेही त्याच पट्ट्यात होते.

गैरसमज : संगणकाने दिलेले उत्तर अंतिम असते, आता भूकंपाची तारीखही निघेल.

वस्तुस्थिती : उत्तर गृहीतकांवर ठरते. धरणाच्या अशा संगणकीय विश्लेषणात त्याचा छेद असंख्य छोट्या तुकड्यांत विभागून प्रत्येकाचे गणित मांडतात. पहिल्या विश्लेषणांत काँक्रीट तडकत नाही असे धरले होते; त्यामुळे ताण कुठे असह्य होतो ते कळले, तडा किती आत जाईल ते नाही. पुढच्या प्रतिमानांनी तडा जाणेही हिशेबात घेतले. पण काँक्रीटची ताण सोसण्याची क्षमता किती धरली आणि तुकडे किती बारीक केले, यावर तड्याची वाट बदलू शकते. म्हणून प्रतिमान पारखून घ्यावे लागते. कोयनेला जमिनीच्या हादऱ्याची नोंदही आहे आणि तडे कुठे गेले हेही माहीत आहे. त्यामुळे जगभरचे अभियंते काँक्रीट धरणांसाठी लिहिलेली नवी प्रणाली अनेकदा आधी कोयनेवर चालवून पाहतात.

तारीख मात्र कोणतेही गणित खात्रीने देत नाही. 'असा हादरा बसला तर हे बांधकाम कुठे तडकेल?' या प्रश्नाचे उत्तर ते देऊ शकते, आणि कामाचे तेच आहे. १९६७ नंतर कोयना धरणाला मागच्या बाजूने काँक्रीटचा आधार देऊन बळकटी देण्यात आली. पुढचा भूकंप कधी होईल हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हते. धरण कुठे कमी पडले, एवढे कळणे बळकटीसाठी पुरेसे होते.